एकेचाळीस चुंगड्या

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराच्या सातव्या दिवशी दुपारी आम्ही कचऱ्याने भरलेल्या एकेचाळीस चुंगड्या (गोण्या) तलावाच्या पाळीवर (बांधावर) ओळीने रचल्या, मागे बॅनर धरलं आणि फोटो काढला. पन्नास मुलं-मुली, सरपंचबाई, ग्रामसेवक, आमचे प्राचार्य आणि कार्यक्रम अधिकारी म्हणून मी. फोटो झाला, मंडळी जेवायला वळली. तेवढ्यात धुणं आटोपून घाटावरून वर आलेल्या एका आजीने चुंगड्यांकडे हात करून विचारलं, "सर, ह्या आता कोठी नेता जी?"

"ग्रामपंचायत नेईल, आजी," मी म्हणालो. ग्रामसेवक शेजारीच होते. ते तलावाकडे पाहत राहिले.

खरं तर चुंगड्या त्रेचाळीस भरल्या होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी थंडी वाजते म्हणून पोरांनी दोन पेटवल्या. काळा, घशाला झोंबणारा धूर निघाला. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार रुपये दंड, हा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश मी स्वतःच उद्घाटनाच्या भाषणात सांगितला होता. तरी मी गप्प बसलो, कारण मुलं शेकोटीभोवती छान गात होती. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला बसलोय असं वाटू नये.

गाव आणि त्याचा उकिरडा

गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, धानपट्ट्यात. वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. चार पानठेले, दोन किराणा दुकानं, सातवीपर्यंतची शाळा, मंगळवारचा बाजार. नाव देत नाही. या भागातल्या कुठल्याही गावाचं नाव घातलंत तरी फार चुकणार नाही.

तलाव मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी ही जमीनदारीसारखी पद्धत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात असे तलाव बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. म्हातारे सांगतात, पूर्वी पाळ खचली की घरटी एक माणूस घमेलं घेऊन उतरायचा. आता पाळ खचली की अर्ज जातो. मासेमारी ढिवर समाजाच्या सोसायटीकडे, ठेक्याने. हा शेवटचा तपशील शिबिराच्या आराखड्यात नव्हता. तो असता तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

कचऱ्याची गोष्टही पाळीसारखीच. ज्या गावात प्रत्येक घरामागे उकिरडा आहे, तिथे टाकाऊ असं काही फारसं नव्हतंच. शेण, राख, सडकं तणस, भाजीचे देठ, सगळं उकिरड्यात जायचं आणि मृगाच्या आधी बंडीत भरून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. उकिरड्याला मालक असायचा आणि तो शेजाऱ्याला त्यातलं एक टोपलंही उचलू द्यायचा नाही. मग घरात पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, आली. खतातून ती बांधीत जायला लागली, रोवणीला बायांच्या हातात यायला लागली, नांगराच्या फाळाला गुंडाळायला लागली. म्हणून लोकांनी ती उकिरड्यातून वेचून बाहेर टाकायला सुरुवात केली. बाहेर म्हणजे रस्त्यावर. म्हणजे निदान काही घरांपुरता तरी रस्त्यावरचा कचरा आळसातून आला नव्हता. खत चांगलं राहावं या काळजीतून आला होता. एका शेतकऱ्याने मला हे उकिरड्यापाशी उभं राहून दाखवलं, तेव्हा जनजागृतीवरचं माझं अर्धं भाषण निकामी झालं.

मोहिमेचा साचा

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचं आणि दत्तक गावात सात दिवस राहायचं. काम काय करायचं हे आपण ठरवतो, आणि आम्ही ते मोबाइलवर पाहिलेल्या शहरी मोहिमांवरून ठरवलं. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह या वकिलाने २०१५ मध्ये सुरू केलेली सफाई आमच्या पोरांना पाठ आहे. हातमोजे, रांग, गोणी, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. पण शहरात गोणी भरली की ती न्यायला महापालिका आहे. तिची गाडी उशिरा येवो, शिव्या खाऊन येवो, पण येते. आमच्या तलावावर ती गाडीच नाही. इथे जो कचरा उचलतो, त्याच्याच गळ्यात तो पडतो.

कागदावर तसं नाही. प्लास्टिक कचऱ्याचे २०११ चे नियम नगरपालिकांपुरते होते. २०१६ च्या नियमांनी ग्रामपंचायतींनाही आत घेतलं. पैसेही आहेत. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरलेत. दोन हजारांनी गुणलं तर घनकचऱ्याचे एक लाख वीस हजार होतात. त्यात खड्डे, शेड, गाडी सगळं बसवायचं, आणि रोज ते चालवणाऱ्या माणसाचा पगार त्यात नाहीच. ग्रामपंचायतीच्या आवारात एक तीनचाकी घंटागाडी उभी आहे. बॅटरी उतरलेली, हौद्यात कोंबडी अंड्यावर बसलेली. "पेट्रोलचा खर्च नको म्हणून चार्जिंगची घेतली," सरपंचबाई हसून म्हणाल्या, "आता चार्जिंगचं बिल आणि डायवर, दोन्ही माह्या घरचे का?"

विदर्भाला गावसफाई शिकवायला वर्सोव्याची गरज नाही, असं आमच्या स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणतंच. बरोबर आहे. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातले. गावात शिरले की आधी खराटा, मग रात्री कीर्तन. विनोबा १९४६ च्या सुमारास पवनारहून सुरगावला रोज चालत जाऊन मैला साफ करत. पण ही नावं भाषणात घेताना दोन गोष्टी आपण गाळतो. ते जे उचलत होते ते मातीत कुजणारं होतं. आणि विनोबा सुरगावला रोज जात होते, सात दिवस नव्हे.

पावसाळा

चुंगड्या सिमेंटच्या रिकाम्या होत्या. विणलेलं प्लास्टिक ऊन फार सोसत नाही, आणि चंद्रपूरचं एप्रिल-मेचं ऊन काही साधं नाही. जूनपर्यंत त्यांना नुसता हात लावला तरी भुगा निघायचा. मी दोनदा ग्रामसेवकांना फोन केला, त्यांनी दोनदा "पाहतो सर" म्हटलं. मग परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली आणि मीही विसरलो.

जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीतल्या एका भाऊंचा फोन आला. आवाजात राग नव्हता.

"सर, तुमच्या चुंगड्या आमच्या जाळ्यात आल्या."

गेलो. जाळं पाळीवर पसरलं होतं आणि त्यात मासोळीपेक्षा पन्न्या जास्त होत्या. गावभर विखुरलेला कचरा आम्ही सात दिवस घाम गाळून एका जागी आणला होता, आणि ती जागा नेमकी तलावाच्या उताराची होती. गल्ल्यांत होता तेव्हा तो डोळ्यांना खुपत होता. आता तो काही घरांच्या पोटावर आला होता. जाळं साफ करायला चार बाया बसल्या होत्या. मीही त्यांच्यात बसलो. सकाळ तिथेच गेली. मधे एकीने विचारलं, "फोटो काढत नाही का सर आता?" ती चिडून बोलली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

चुंगडीत काय होतं

पाळीच्या वरच्या अंगाच्या अकरा चुंगड्या शाबूत होत्या. त्या शाळेच्या ओसरीवर नेऊन उघडल्या. हे काम जानेवारीत, भरतानाच करायला हवं होतं. वजनकाटा नव्हता, म्हणून ढीग लावले.

नगांनी पाहिलं तर सगळ्यात मोठा ढीग खर्र्याच्या पन्न्यांचा. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना जाड पन्नीत घेऊन घोटतात आणि त्याच पन्नीत बांधून देतात. इथली पन्नी म्हणजे नुसतं वेष्टण नव्हे, ती खर्रा बनवायचं साधनही आहे. म्हणून "कागदात द्या" हा शहाणपणा चालत नाही. ओल्या चुन्याने कागद फाटतो. एका ठेलेवाल्याने आमच्या आग्रहाखातर पळसाचं पान वापरून पाहिलं. घोटताना पान चिरलं आणि गिऱ्हाईक हसलं.

आकारमानाने सगळ्यात मोठा ढीग डिस्पोजलचा, म्हणजे थर्माकोलच्या पत्रावळ्या, द्रोण आणि प्लास्टिकचे ग्लास. यावर राज्याने २०१८ मध्ये बंदी घातली, केंद्राने १ जुलै २०२२ पासून. किराणावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "बंदी चंद्रपूरले आहे सर, इकडे पोचली नाही." २०१२ पासून बंद असलेल्या गुटख्याच्या पुड्या निघाल्या. पव्वेही पुष्कळ निघाले. काहींवरची लेबलं पार उडालेली. जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, तेव्हाचेही त्यात असतील. गाळ काही हिशेब ठेवत नाही.

आणि एक ढीग असा की तो पाहून मला घाम फुटला. कीटकनाशकांच्या बाटल्या, काही अर्धवट भरलेल्या. फवारणीच्या विषबाधेने २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात माणसं गेली, हे विदर्भात कोणाला सांगावं लागत नाही. आणि मी अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना पातळ हातमोजे देऊन या बाटल्या उचलायला लावल्या होत्या. या प्रकरणातली माझी सर्वांत मोठी चूक चुंगड्या पाळीवर ठेवणं ही नव्हती, ही होती. दुसऱ्या वर्षी मुलांना पहिली सूचना हीच दिली: औषधाची बाटली दिसली की हात लावायचा नाही, जागेवर काठी रोवायची आणि मोठ्या माणसाला बोलवायचं.

ग्रामसभा

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सोसायटीच्या लोकांनी विषय मांडला. मी कोपऱ्यात बसलो होतो. इतक्या वर्षांत ही पहिली ग्रामसभा पाहिली जिथे कचऱ्यावर बोलणारा माणूस स्वतःचं नुकसान सांगत होता. "स्वच्छता हीच सेवा" वगैरे कोणी म्हटलं नाही. जाळं फाटलं, बोटुकली (माशांची पिल्लं) मेली, सकाळ वाया जाते, एवढंच. सभा दोन तास चालली.

तिथे आणखी एक गोष्ट उघड झाली. गावच्या नाल्या काढणारे एक काका आहेत. बारमाही तेच काढतात, आणि ते कोणत्या वस्तीतले हे विदर्भातल्या वाचकाला मी न सांगताच कळेल. शिबिराच्या समारोपात आम्ही बारा जणांना शाल-श्रीफळ दिलं. त्यात ते नव्हते. माझ्या मुलांनी सात दिवस झाडू मारला तर त्याला श्रमदान म्हणायचं आणि त्यांनी तीस वर्षं मारला तर ते त्यांचं कामच. ग्रामसभेत कोणीतरी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी एका दमात सांगितलं: कोणत्या मोरीत पन्नी आधी अडते, कोणत्या लग्नानंतर नाली तुंबली, बाजाराच्या कोणत्या टोकाला काय पडतं. आम्ही शिबिराआधी दोन दिवस फिरून जो नकाशा काढला होता, तो यांच्या डोक्यात आधीपासून होता. विचारलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त वाद डिस्पोजलवर झाला. महिला बचत गटाने स्टीलची तीनशे ताटं आणि ग्लास घ्यायचे आणि लग्न, बारसं, तेरवी यांना भाड्याने द्यायचे, असा प्रस्ताव होता. पुरुषांनी लगेच माना डोलावल्या. तेव्हा मागून एक ताई उभ्या राहिल्या: "डिस्पोजल आलं तवा आमचा हात सुटला. आता तीनशे ताटं घासाले पुन्हा आमीच बसायचं का?"

सभा गप्प झाली. पर्यावरणाच्या आमच्या पुस्तकांत हा प्रश्न कुठे येत नाही. थर्माकोलची पत्रावळ गावात रुजली ती स्वस्त होती म्हणून तर खरंच, पण ती घासावी लागत नाही म्हणूनही. शेवटी ठरलं की ताटाचं भाडं दोन रुपये आणि घासणावळ वेगळा एक रुपया. तो घासणाऱ्या बाईच्या हातात रोख, आणि यजमानाने आधी द्यायचा. पुरुषांनी "आमीही घासू" म्हटलं होतं. एका तेरवीला त्यांनी खरंच घासली. दुसऱ्या दिवशी गटाने ती सगळी पुन्हा घासली आणि पुढच्या वेळेपासून त्यांना पाणी आणायचं काम दिलं.

ही योजना चालली. मी आकडे फुगवून सांगत नाही, पण दुसऱ्या उन्हाळ्यात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नाली तुंबली नाही, हे काकांनी मला स्वतः सांगितलं. श्रीमंत घरं मात्र अजून डिस्पोजलच आणतात, आता कागदाच्या नावाने आतून प्लास्टिकचा थर दिलेल्या प्लेटा. स्टीलच्या भाड्याच्या ताटात पाहुण्याला वाढणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

पानठेल्यांवर डबे ठेवायचं ठरलं. ठेल्यावर उभं राहून खाणारे डब्यात टाकतात. बांधून नेणारे बांधीत टाकतात. म्हणजे काम अर्धं झालं. मंगळवारी येणारा भंगारवाला पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठा आणि टिन घेतो. पन्नी, कुरकुऱ्याची चमकणारी पाकिटं आणि शॅम्पूच्या पुड्या घेत नाही, काचेकडे तर पाहतही नाही. त्याला दोष नाही, त्यालाही पुढे कोणी घेत नाही.

सुशोभीकरण

हे लवकर आटोपतो. पहिल्या वर्षी आम्ही जुने टायर रंगवून त्यात फुलझाडं लावली. बकऱ्यांनी ती तीन दिवसांत संपवली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मुलींनी वारली चित्रं काढली. चित्रं सुरेख होती, पण पालघरची वारली आमच्या झाडीपट्टीत कशाला, हे एका गोंड विद्यार्थ्याने मला परतीच्या गाडीत विचारलं आणि मला उत्तर सुचलं नाही. प्रवेशावरच्या "सेल्फी पॉइंट"वर आता भरड्या धानाची पोती टेकवून ठेवतात.

टिकलं ते एकच, आणि ते आम्ही सजावट म्हणून केलंच नव्हतं. घाटाजवळच्या कचऱ्याच्या जागी उरलेल्या विटांचा एक ओटा बांधला होता, सामान ठेवायला. बाया धुणं आणून त्यावर ठेवतात, पोरांना बसवतात. आता तिथे कोणी पन्नी टाकत नाही. टाकली तर ऐकून घ्यावं लागतं. कडेने बेशरम नावाचं झुडूप वाढलं होतं तेही बायांनीच कापलं, साप निघतो म्हणून.

दुसरं वर्ष

दुसऱ्या जानेवारीच्या शिबिरात आम्ही गाव झाडलं नाही. मुलं थोडी नाराज झाली. आम्ही दोनच कामं केली. शाळेत एक नाडेप टाकं बांधलं, दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, भिंतींत हवेला भोकं ठेवलेलं. पुसदच्या ना. दे. पंढरीपांडे यांची ही पद्धत, नावही त्यांच्याच आद्याक्षरांवरून. पालापाचोळा, शेणकाला, माती असे थर देऊन वरून लिंपलं की तीन-चार महिन्यांत खत होतं. पोषण आहाराचं खरकटं आणि आवारातला पाला त्यात जातो. दुसरं काम म्हणजे ग्रामपंचायतीच्या पडक्या खोलीवर टिनं टाकून पन्नीसाठी शेड केलं. छप्पर आधी, गोण्या नंतर. एवढा क्रम समजायला एक वर्ष गेलं.

मार्चमध्ये शेड भरलं. स्वच्छ भारत मिशनमध्ये तालुक्यागणिक एक प्लास्टिक केंद्र धरलेलं आहे, १६ लाखांपर्यंत खर्चाचं. असं एक केंद्र चालू असल्याचं कळल्यावर एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर डिझेल भरून नेला. तिथल्या माणसाने चार चुंगड्या उपसून पाहिल्या आणि निम्म्याहून जास्त परत केल्या. पन्नी ओली, चिखलाची, खर्र्याची घाण लागलेली. यंत्रात चालत नाही म्हणाला. रागावून काय करणार, त्याचं खरं होतं. जिल्ह्याच्या पश्चिमेला सिमेंटचे कारखाने आहेत आणि सिमेंटच्या भट्टीत असलं हलकं प्लास्टिक इंधन म्हणून जाळता येतं. पण तिथवर न्यायचं भाडं मालाच्या किमतीपेक्षा किती तरी जास्त. एका गावाला हे गणित जमत नाही. आठ-दहा गावांनी मिळून एक ट्रक भरला तर कदाचित जमेल. त्यासाठी पंचायत समितीत कोणीतरी रोज फोन करणारं लागेल. सध्या तो फोन मी करतो, आणि माझी बदली पुढच्या वर्षी आहे.

परत आलेल्या चुंगड्या गटातल्या दोघींनी उन्हात पसरून, झटकून पुन्हा भरल्या. त्यांना ग्रामपंचायत रोजंदारी देते, पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून. ते बिल दोनदा अडलं, दोनदा सुटलं.

यंदा पोळ्याला मी मुक्कामी होतो. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराई गावाबाहेर हाकलायची प्रथा. पहाटे पोरं पळसाच्या डहाळ्या ओढत शिवेकडे निघाली. "रोगराई, खोकला, ढेकूण-मोंगसे घेऊन जाय गे मारबत!" कोणीतरी त्यात "पन्न्या" घातलं आणि सगळे ओरडले. शिवेवर डहाळ्या टाकून पोरं पळाली. सोसायटीचे भाऊ माझ्या शेजारी दात घासत उभे होते. नाला पुढे कोणत्या गावाकडे जातो ते त्यांनी मला बोटाने दाखवलं. त्या गावालाही तलाव आहे.

शेडमध्ये आज एकोणीस चुंगड्या आहेत, कोरड्या. औषधाच्या बाटल्या वेगळ्या पिंपात, कुलपात, आणि त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. ट्रॅक्टर धान निघाल्यावर मिळेल.